तुम्ही विचारलंत म्हणून: यावर घर चालतं का?

मी मराठी कविता आणि मराठी रॅप करते. कार्यक्रम संपला की लोक भेटायला येतात. पोरं बीट, म्हणजे रॅपच्या मागे वाजणारं तालाचं संगीत, कुठली ते विचारतात, बायका हात धरून ‘एवढं पाठ कसं राहतं गं तुझ्या’ म्हणतात. आणि मग मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन आलेले कोणाचे तरी आईवडील जरा बाजूला घेतात आणि आवाज खाली करून विचारतात, ‘ताई, यावर घर चालतं का?’ कार्यशाळेत हाच प्रश्न चिठ्ठीवर लिहून येतो, नात्यातल्या हळदीला जेवणाच्या पंगतीत येतो. मी तिथे ‘चालतं’ एवढंच म्हणते, कारण मागे रांग असते. पूर्ण उत्तर इथे लिहिते.

चालतं. भांडुपच्या घराचं भाडं, आईची औषधं, लोकलचा पास, पुस्तकं, सगळं मराठी कविता आणि मराठी रॅप यातून भागतं. पण पहिली चार-पाच वर्षं भागत नव्हतं. तेव्हा सकाळी क्लासमध्ये आठवी-नववीच्या मुलांना शिकवत होते आणि रात्री लिहीत होते. आजही पैसा कुठून येतो हे सांगितलं की पालकांचा चेहरा गोंधळतो, कारण त्यांना वाटतं यूट्यूबवर गाणं गाजलं की पैसा येतो.

पैसा सुपाऱ्यांमधून येतो. आमच्याकडे कार्यक्रमाच्या बोलीला सुपारीच म्हणतात, तमाशापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळ्यांची तीच भाषा. ऑगस्टमध्ये कॉलेजांचे महोत्सव सुरू होतात, मग गणपतीत मंडळं, डिसेंबरपासून पुन्हा कॉलेजं, 14 एप्रिलच्या आगेमागे जयंतीचे मंच, 1 मेला महाराष्ट्र दिन. जून-जुलैत काम जवळजवळ नसतं, तेव्हासाठी आधीच बाजूला काढून ठेवावं लागतं. याशिवाय शाळांतल्या कार्यशाळा, जाहिरातींचे शब्द, कधी एखाद्या मालिकेचं शीर्षकगीत. गाणी ऐकली जाण्यातून येणारी रक्कम सगळ्यांत शेवटी येते. स्पॉटिफायवर 2024 पासून असा नियम आहे की मागच्या 12 महिन्यांत एखादं गाणं किमान 1,000 वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. नव्या मुलांची कितीतरी गाणी या उंबरठ्याच्या अलीकडे राहतात.

निवडणुका आल्या की सगळ्यांत मोठे आकडे कानावर येतात. प्रचाराचा रॅप लिहून द्या, उमेदवाराचं नाव चार वेळा आलं पाहिजे, दोन दिवसांत हवं. मी ते काम घेत नाही. मुंबईच्या पाण्याचा मोठा भाग भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातून जातो, आणि त्याच भांडुपच्या टेकडीवर बाया हंडे घेऊन चढतात. मी मंचावरून ते बोलते. त्या बायांसमोर उभं राहून त्याच तोंडानं एखाद्या पॅनेलचं चिन्ह मला गाता येणार नाही. जे घेतात त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्याही घरी भाडं असतंच. पण दुसरी बाजूही सांगायला हवी: 2023 च्या एप्रिलमध्ये सत्तेवर टीका करणाऱ्या रॅपमुळे महाराष्ट्रात दोन मराठी रॅपरवर गुन्हे दाखल झाले. स्तुतीला मानधन आणि टीकेला पोलीस ठाणं, हे ज्या आईवडिलांना माहीत असतं त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. माझी एक कविता आहे, त्याच टेकडीवरच्या पाण्याची. ती मी तालाशिवाय, नुसती बोलून सादर करते, आणि बीटवरही करते. शब्द तेच, एकही ओळ वेगळी नाही. 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाला बोलावणी येतात. तिथे ती कविता म्हणून वाचली की शाल, नारळ आणि एखादं पुस्तक मिळतं, रिक्षाचे पैसे आपले. ओपन माइकला, म्हणजे कोणीही नाव देऊन सादर करू शकतो अशा कार्यक्रमाला, तर कित्येकदा सादर करणाऱ्यालाच दोन-तीनशे रुपये भरून नाव नोंदवावं लागतं. आणि तीच कविता डीजेसोबत कॉलेजच्या मैदानावर म्हटली की महिन्याचं भाडं निघतं. म्हणजे पैसे ध्वनियंत्रणेला, गर्दीला, तालाला मिळतात. शब्दाला कोणी पैसे देत नाही, कारण शब्द लिहायला लागतं काय, असं सगळ्यांना वाटतं.

काय लागतं ते सांगते. मिनिटाला 90 ठोक्यांच्या बीटवर 16 बार, एका बारात 4 ठोके, म्हणजे 64 ठोके, साधारण 43 सेकंद. त्या 43 सेकंदांवर मी कधी कधी तीन आठवडे बसते. मराठीत वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं, त्यामुळे यमक फार स्वस्तात मिळतं. आला, गेला, झाला, केला. अशा चार ओळी कोणीही जुळवतो आणि पाचव्या ओळीला ऐकणारा मोबाइल काढतो. म्हणून क्रियापद आत ढकलायचं, कधी गाळायचंच, आणि शेवटाला वजनाचा शब्द आणायचा. माझ्या पहिल्या कच्च्या ओळी अशा होत्या: ‘टँकर गल्लीत आला, हंडा मी पुढे केला.’ बऱ्याच दिवसांनी त्या अशा झाल्या: ‘दारात टँकर, हंड्यावर हंड्यांचा थर, टेकडीवर आमचं घर, पाणी चढेना वर.’ यमक ओळीच्या मध्येही पडतं, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा ते ठरतं. ही काही बाहेरून आणलेली करामत नाही. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण 6 अक्षरांचे, चौथा 4 अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला, म्हणजे ओळीच्या पोटात. शेवटचा छोटा चरण मोकळा सोडलेला. वारीत चालता चालता म्हणायला तो मोकळा चरण किती कामाचा आहे, हे मला रॅप लिहायला लागल्यावर उमगलं.

अभंगात आणखी एक गोष्ट आहे जिच्यावर मी फार विचार करते. ‘तुका म्हणे’. ‘म्हणे जनी’. ‘चोखा म्हणे’. कवीचं नाव ओळीच्या आत विणलेलं, असं की काढायला गेलात तर अक्षरं कमी पडतात. जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करत होती. जात्यावरचं पीठ त्या घराचं होतं. अभंग तिचा होता, आणि तो तिचाच राहावा याची सोय तिनं ओळीतच केली. आज रॅपर गाण्याच्या सुरुवातीला स्वतःचं नाव घेतो, गल्लीचं नाव घेतो, तेव्हा लोकांना ती फुशारकी वाटते. मला त्यात जनीचा हात दिसतो.

माझे बाबा शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे कोकणातल्या सवाल-जवाबाच्या लोकगायनाचे, शाहीर. भांडुपच्या कारखान्यात पाळी करायचे आणि सुट्टीच्या रात्री परळच्या दामोदर नाट्यगृहात किंवा गावच्या मंडळात उभे राहायचे. एका बाजूला शक्तीवाले, एका बाजूला तुरेवाले, ढोलकी, घुंगरू, आणि रात्र चढेल तसे सवाल-जवाब. समोरच्यानं पुराणातलं कोडं घातलं की तिथल्या तिथे पद रचून उत्तर द्यायचं, शेवटी गुरूचं, गावाचं आणि स्वतःचं नाव गुंफायचं. मुंबईत रॅपच्या लढती पाहायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला नियम कोणी समजावून सांगावे लागले नाहीत. बाबांची पदं आजही दुसरी मंडळं गातात. काही जण शेवटचं नाव बदलून गातात. बाबा म्हणायचे, ‘गाऊ देत, पद जिवंत तर राहतंय.’ मी तेवढी उदार नाही आणि व्हायचंही नाही मला.

कारण याच शहरात घाटकोपरच्या चिरागनगरमध्ये अण्णाभाऊ साठे राहिले. वाटेगावहून मुंबईला आलेला माणूस. 1944 मध्ये अमर शेख आणि गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक उभं केलं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या शब्दांवर मैदानं भरली. 18 जुलै 1969 ला ते गेले तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती, आणि घरात दारिद्र्य होतं. दर 1 ऑगस्टला त्यांच्या जयंतीला मी मंचावर असते. ध्वनिक्षेपकवाल्याला पैसे मिळतात, मांडववाल्याला मिळतात, मलाही मिळतात. ज्या माणसाच्या शब्दांमुळे आम्ही सगळे तिथे जमतो, त्याला हयातीत काय मिळालं हे आठवलं की मला बोलायला उभं राहणं जड जातं.

गेल्या काही वर्षांत परिस्थिती बदलली, हेही खरं. नेझी या रॅपरनं कुर्ल्यात आयपॅडवर ‘आफत’ रेकॉर्ड केलं आणि 2014 मध्ये ते बाहेर आलं. त्यानंतर गल्लीतल्या मुलांना स्टुडिओसाठी थांबायची गरज राहिली नाही. स्वदेसी या मुंबईच्या रॅप गटातल्या एमसी मवालीनं मराठीतून रॅप केलं, 2019 मध्ये त्या मंडळींनी आरेच्या आदिवासींसोबत ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. त्याच वर्षी ‘गली बॉय’ हा रॅपरवरचा हिंदी सिनेमा आला आणि कंपन्यांना रॅप कळला. मग करार यायला लागले.

एका संगीत कंपनीनं मला पाठवलेल्या करारात लिहिलं होतं की गाण्याचे सर्व हक्क, संपूर्ण विश्वात, कायमचे त्यांचे. एकरकमी आकडा बरा होता, मोह पडावा इतका. मी मुदत घाला म्हटलं, शब्दांची रॉयल्टी वेगळी लिहा म्हटलं. नमुना बदलत नाही असं उत्तर आलं. मी सही केली नाही, गाणं स्वतःच वितरकामार्फत ॲपवर चढवलं. ते कमी लोकांपर्यंत गेलं. पण ते माझं आहे.

तुमच्या मुलामुलींसाठी हे नीट लिहून ठेवते. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहूनही सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. अशी सोसायटी म्हणजे आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी), 1969 पासूनची. रेडिओ, वाहिन्या, हॉटेलं, ॲप यांच्याकडून ती पैसे गोळा करते, पण तुम्ही सभासद झालात आणि गाणं नोंदवलंत तरच तुमच्यापर्यंत ते येतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क विकले तरी लेखक म्हणून आपलं नाव सांगायचा अधिकार जात नाही. हक्क विकले नसतील तर तुमच्यानंतर 60 वर्षं शब्दांवर तुमच्या माणसांचा हक्क राहतो. गल्लीतल्या रॅपरला यातलं काहीच कोणी सांगत नाही. पोरं व्ह्यूज मोजत बसतात, आणि कागद वाचायचं राहून जातं.

हाच न्याय उलटाही लागू आहे. बीट ज्यानं बनवली त्याचे पैसे द्यायचे. इंटरनेटवरची ‘टाइप बीट’, म्हणजे एखाद्या गाजलेल्या रॅपरच्या धर्तीवर बनवलेली बीट, फुकट ऐकता येते, वापरता येत नाही. भाड्यानं घेतलेली आणि पूर्ण विकत घेतलेली बीट यात फरक आहे, किती ठिकाणी चालेल ते त्याच्या परवान्यात लिहिलेलं असतं. माझा बीटवाला नालासोपाऱ्याच्या एका खोलीत कान दुखेपर्यंत हेडफोन लावून बसतो. प्रत्येक गाण्याचा वाटा आम्ही गाणं सुरू करण्याआधी ठरवतो आणि लिहून ठेवतो, मैत्री असली तरी.

म्हणून माझं उत्तर असं आहे. मुलगी लिहीत असेल तर लिहू द्या. सुरुवातीची काही वर्षं दुसरी नोकरी हाताशी असू द्या, त्यानं लिखाण आटत नाही. शाल-नारळाच्या ठिकाणीही मानधन किती ते आधी विचारायला शिकवा. मी हल्ली विचारते. काही आयोजक नाराज होतात, काही देतात, आणि त्यांना पुढच्या वर्षीच्या कवीलाही द्यावंच लागतं. तिची प्रत्येक रचना तारखेसह एका जागी ठेवा. आणि कोणी करार पुढे केला तर रात्रीत सही करू देऊ नका. कार्यक्रमाला येताना तो कागद सोबत आणा. शेवटचा माणूस गेला की आपण मंचाच्या पायरीवर बसू आणि एकेक कलम वाचू.