चूक पोटात घालणारी धनुष्ये आणि न घालणारी

दिवसा मी हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि ऊन उतरल्यावर, राजहंसगडाच्या बाजूला असलेल्या आमच्या भाताच्या शेताच्या कडेला उभा राहून धनुष्य ओढतो. हा छंद मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी लागला आणि त्याला कारण झाला माझा पुतण्या. शालेय स्पर्धेत उतरायचे म्हणून त्याने हट्टाने बांबूचे धनुष्य घ्यायला लावले, महिनाभर ते वापरले आणि पुन्हा क्रिकेटकडे वळला. धनुष्य माळ्यावर पडायचे ते माझ्या हाती पडले. तेव्हापासून बेळगावात ओळखीचे कोणी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "यात प्रकार किती असतात हो मास्तर, आणि त्यांतला खरा कोणता?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मला काही वर्षे लागली. धनुष्यांतला खरा फरक त्यांच्या आकारात किंवा किमतीत नसून, कोणते धनुष्य तुमची कोणती चूक पोटात घालते यात आहे, असे आता माझे मत झाले आहे.

सुरुवात बांबूपासूनच करतो, कारण आपल्याकडची बहुतेक मुले तिथूनच सुरुवात करतात. आपल्या देशात या प्रकाराला 'इंडियन राउंड' म्हणतात आणि शालेय स्पर्धांपासून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत तो खेळला जातो. मोठ्यांसाठी अंतरे 50 आणि 30 मीटर असतात. धनुष्याला नेम धरण्यासाठी साईट नसते, तोल सांभाळणारी दांडी नसते. बांबूच्या कमानीखेरीज आणि दोरीखेरीज त्यात काहीही नसते. नेम बाणाच्या टोकानेच धरायचा असतो. माझ्या धनुष्याने 30 मीटरवर हे टोक निशाणाच्या मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या बरेच खाली ठेवावे लागते, 50 मीटरवर ते वर न्यावे लागते, आणि ही उंची कोणत्याही तक्त्यात सापडत नाही, ती दररोजच्या सरावाने डोळ्यात बसवावी लागते. शिवाय बाण धनुष्याच्या मधून जात नाही, तो कमानीच्या कडेने जातो. सुटताना तो माशासारखा वळवळत कमानीला वळसा घालतो आणि मगच सरळ होतो. बाणाची काडी गरजेपेक्षा ताठ असेल तर तो एका बाजूला जातो, फार लवचीक असेल तर दुसऱ्या बाजूला. म्हणून एकाच डब्यातले सहा बाण सारखे दिसले तरी सारखे वागतीलच असे नाही. माझ्याकडच्या एका बाणाला मी लाल दोरा बांधून ठेवला आहे. तो नेहमी डावीकडे जातो आणि मी आता त्याच्या हिशेबानेच नेम धरतो.

बांबूचे धनुष्य कोणतीच चूक पोटात घेत नाही. पहिल्या आठवड्यात माझा डावा कोपर आत वळलेला राहायचा आणि प्रत्येक बाणाला दोरी मनगटाच्या वरच्या भागावर सपकन बसायची. चौथ्या दिवशी तिथे तळहाताएवढा काळानिळा डाग उमटला आणि शाळेत फळ्यावर लिहिताना बाही वर जाऊन तो सगळ्या वर्गाला दिसला. ज्यांच्याकडे मी पुढे शिकायला जाऊ लागलो ते सर कन्नडभाषक. ते माझ्या मागे उभे राहून एकच शब्द म्हणत : "निधान, निधान." कन्नडमध्ये त्याचा अर्थ सावकाश, हे इथे वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही, पण माझ्या मराठी कानाला तो शब्द ठेव्यासारखा ऐकू येई आणि हसू आवरत नसे. कोपर बाहेर वळवायला, खांदा खाली ठेवायला आणि दोरी हनुवटीखाली रोज त्याच जागी आणायला त्यांनी मला तीन महिने लावले. त्या तीन महिन्यांत निशाणाचे अंतर त्यांनी दहा मीटरच्या पुढे जाऊ दिले नाही.

रिकर्व्ह हे ऑलिंपिकचे धनुष्य. 1972 साली तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परत आली तेव्हापासून तिथे हेच धनुष्य वापरले गेले आहे. अंतर 70 मीटर, निशाणाचा व्यास 122 सेंटीमीटर आणि दहा गुणांचे वर्तुळ 12.2 सेंटीमीटरचे. गणिताच्या मास्तराला राहवले नाही म्हणून मी हिशेब केला : 70 मीटरवरून ते वर्तुळ एका अंशाच्या दहाव्या भागाएवढे दिसते. म्हणजे मधोमध धरलेला नेम एका अंशाच्या विसाव्या भागाहून जास्त ढळला की दहाचा नऊ होतो. या धनुष्याला साईट असते, लांब दांड्यांचे स्टॅबिलायझर असतात आणि क्लिकर नावाची धातूची बारीक पट्टी असते. दोरी पूर्ण ओढली गेली की बाणाचे टोक त्या पट्टीखालून मागे सरकते, पट्टी 'टक' करते आणि त्याच क्षणी बोटे सैल सोडायची असतात. दोरी दर वेळी सारखीच ओढली जावी एवढे काम क्लिकर करतो. बोटे सुटताना होणारी चूक मात्र रिकर्व्ह अजिबात झाकत नाही, कारण धनुष्याचा सगळा भार शेवटपर्यंत बोटांवरच असतो.

या भारानेच मला धडा शिकवला. पहिले रिकर्व्ह घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने माझ्या उंचीकडे पाहून 36 पाऊंडांच्या, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या, पात्या (धनुष्याचे वरचे आणि खालचे वाकणारे भाग) काढून दिल्या आणि पुरुष माणसाला याहून कमी शोभत नाही, असेही वर सांगितले. मीही त्या बोलण्याला भुललो. दोन महिन्यांत उजवा खांदा इतका धरला की सदऱ्याची बाही चढवणे अवघड झाले. सरांनी 24 पाऊंडांच्या पात्या लावून दिल्या, तेव्हा कुठे बाण एका ठिकाणी पडू लागले. नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझे सांगणे एवढेच आहे की पहिली पाती हलकीच घ्यावी; जड पाती नंतर केव्हाही लावता येते.

कंपाऊंड धनुष्याविषयी आमच्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात : ते यंत्र आहे, त्यात माणसाचे काय कौतुक, किंवा तेच आता खरे, बाकीचे जुने झाले. दोन्ही मते घाईची आहेत. या धनुष्याच्या टोकांना चाके असतात. दोरी ओढताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, पण शेवटी चाक वळले की भार एकदम उतरतो. 50 पाऊंडांच्या धनुष्याचा भार 75 टक्क्यांनी उतरत असेल तर हातात साडेबारा पाऊंडच उरतात. त्यात भिंग असलेली साईट, दोरीतून पाहण्याचे छिद्र आणि बोटांऐवजी दोरी सोडणारा रिलीज असल्यामुळे हाताचे थरथरणे आणि बोटांची चूक दोन्ही पोटात जातात. पण म्हणूनच अपेक्षा चढते. अंतर 50 मीटर, दहाचे वर्तुळ फक्त 8 सेंटीमीटरचे, आणि नऊ पडला की सामना हातचा जाऊ शकतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला झालेल्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात पंधराच्या पंधरा बाण दहामध्ये मारून 150 गुण घेतले, तरी त्याचा प्रतिस्पर्धी 149 वर होता. त्याच स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. सातारा आमच्याच महामार्गावर असल्याने त्या आठवड्यात इथल्या मैदानावर दुसरा विषय नव्हता. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा होणार आहे, त्यामुळे यंत्राचा हा वाद आता आपोआप थंडावेल. कंपाऊंड जी चूक पोटात घेत नाही ती मनाची असते : साईट पिवळ्यावर आली रे आली की बटण दाबण्याची घाई. मी एका मित्राचे धनुष्य आठवडाभर वापरले, तेव्हा हीच घाई मला नडली.

बेअरबो मला सर्वांत भावतो. धनुष्य रिकर्व्हचेच, पण साईट, लांब दांड्या आणि क्लिकर काढून टाकलेले. यात एक गमतीची युक्ती आहे. अंतर जितके कमी तितकी बोटे दोरीवर खाली सरकवायची आणि बाणाचे टोक मात्र निशाणाच्या मधोमधच ठेवायचे. दोरीवर गुंडाळलेल्या धाग्याचे वेढे मोजून बोटे लावणारे लोक असतात. मी त्यांतलाच एक आहे. या धनुष्याला फील्ड प्रकार फार शोभतो. तिथे सपाट मैदान नसते. झाडीतून, चढउतारावरून चालत एकेका निशाणापाशी जायचे, आणि काही निशाणांचे अंतर मुद्दाम सांगितलेलेच नसते. चढावर किंवा उतारावर बाण मारताना प्रत्यक्ष अंतराचा नव्हे, आडव्या अंतराचा हिशेब धरावा लागतो. 30 अंशांच्या उतारावर 40 मीटर लांबचे निशाण सुमारे साडेचौतीस मीटरचे समजून मारावे लागते, नाहीतर बाण वरून निघून जातो. जांबोटीकडचे चढउतार पाहिले की दर वेळी माझ्या मनात तिथे निशाणे मांडली जातात.

पूर्वेकडच्या जुन्या पद्धती मी केवळ जिज्ञासेने वाचल्या आहेत. मंगोल, तुर्क, मोगल यांच्या पद्धतीत दोरी अंगठ्याने ओढतात आणि अंगठ्यात कडे घालतात. आमच्या तीन बोटांच्या पद्धतीत अंगठा हनुवटीखाली नुसता दडून बसलेला असतो. एकलव्याच्या कथेतली गुरुदक्षिणा त्यामुळे वेगळ्या रीतीने कळते. अंगठा गेल्यावर तो उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे महाभारतातच आहे. जपानच्या क्यूदोमध्ये दोन मीटरहून लांब धनुष्य मधोमध न धरता खालच्या बाजूला धरतात, आणि 28 मीटरवरच्या 36 सेंटीमीटरच्या निशाणावर बाण लागला किंवा चुकला एवढेच मोजतात.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या पावसात बांबूचे धनुष्य ओल धरते, म्हणून मी दोरी उतरवून ते स्वयंपाकघराच्या कोरड्या कोपऱ्यात टांगतो आणि ओसरीत दहा मीटरवर गवताच्या आवळलेल्या पेंढ्यावर रिकर्व्ह चालवतो. खंडेनवमीला विळा, कोयता यांच्या शेजारी झेंडू वाहून दोन्ही धनुष्ये मांडली जातात. भात कापून झाले की शेतात पुन्हा 50 मीटरची जागा मोकळी होते. यंदा कापणीच्या तिसऱ्या दिवशी, भारा बांधता बांधता एका मावशींनी धसकटांतून काढून मातीने माखलेला बाण माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "घ्या मास्तर, विळ्याला अडकला." त्याला लाल दोरा बांधलेला होता. मे महिन्यात डावीकडे गेलेला तोच बाण.