किल्ल्याची नोंद ६: आधी दिवे लावा, मग दगड रंगवा

मंडळी, मागच्या नोंदीत माझ्या बाहुलीघराएवढ्या छोट्या किल्ल्याचा सांगाडा उभा राहिला होता, तटावर चर्या (वरचे दाते) चिकटल्या होत्या आणि मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की आता फक्त रंग आणि वायरिंग उरलंय. त्या ‘फक्त’नं सात आठवडे खाल्ले. त्यातले निम्मे तर आधी केलेलं उचकटण्यातच गेले.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: माप १:१२, म्हणजे खऱ्यातला एक फूट इथं एक इंच. मधला वाडा तीन मजली, ६ मिमी एमडीएफचा (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी). डावीकडे जाड पुठ्ठ्याच्या नळीचा गोल बुरूज. मागची बाजू उघडी, बाहुलीघराला असते तशी. दिवे एकूण २३: दरबारातलं झुंबर सहा मेणबत्त्यांचं, दरबारात चार मशाली, जिन्यात तीन, दोन शेकोट्यांमध्ये दोन-दोन, शयनगृहात दोन, बुरुजावरच्या ग्रंथालयात दोन, तळघरात एक आणि दरवाज्यावर एक कंदील.

दगड अंड्यांच्या ट्रेच्या लगद्याच्या पुठ्ठ्याचे. त्याचा खरखरीतपणा कुठल्याही विकतच्या शीटला येत नाही. खऱ्या तटातला फूटभर लांबीचा चिरा या मापात साधारण अडीच सेंटीमीटर होतो, म्हणून दीड ते अडीच सेंटीमीटरचे तुकडे हातानं फाडले. कात्रीनं कापू नका, कडा चाकूसारख्या दिसतात. खऱ्या बांधकामात असते तशी सांधेमोड ठेवली, एका थराचा सांधा खालच्या चिऱ्याच्या मध्यावर. हजारानंतर मोजणं सोडलं. सगळ्यावर पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदाचा हात मारला, नाहीतर लगदा रंग टीपकागदासारखा पितो. एमडीएफच्या उघड्या कडांनाही तोच हात दोनदा द्यायचा आणि मध्ये पॉलिश पेपर फिरवायचा. कडा फुगल्या की वरून कितीही रंग दिला तरी त्या लाकडाच्याच दिसतात.

आता मुख्य गोष्ट. राखाडीसाठी मी ट्यूबमधला काळा कधी वापरत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून केलेला राखाडी जिवंत वाटतो. गडद अस्तर, त्यावर स्पंजनं तीन छटांचे ठिपके, मग सांध्यांत तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ केलेला रंग), शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशनं दगडांच्या उंच कडांवर फिकट हात. वॉशसुद्धा काळा नको. एवढ्या लहान मापात काळी रेघ सावली वाटतच नाही, पेनानं ओढल्यासारखी दिसते. खिडकीपाशी दिवसाउजेडी भिंती बघितल्या आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

संध्याकाळी गंमत म्हणून दरबारात चार एलईडी तात्पुरते टांगले, अडॅप्टर लावला, आणि सगळा दरबार चिखलानं लिंपल्यासारखा झाला. वरच्या दालनाच्या छताचा निळा तर सरळ काळा पडला.

कारण कळल्यावर डोक्याला हात लावला. उबदार पांढरा एलईडी साधारण २७०० केल्विनचा असतो (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा) आणि त्याच्या उजेडात निळा भाग कमी असतो. माझा राखाडी निळा आणि तपकिरी यांच्या तोलावरच उभा होता. उजेडानं निळ्याची बाजू सोडली आणि तपकिरी एकटाच बोलायला लागला. रंग चुकला नव्हता, मी तो चुकीच्या उजेडात बसून ठरवला होता.

पुठ्ठ्याचे आठ तुकडे घेतले, प्रत्येकावर मिश्रणाचं वेगळं प्रमाण लावलं आणि ते दरबाराच्या आत, त्याच दिव्यांखाली उभे करून पाहिले. पसंत पडलेला तुकडा दिवसा बघितला तर निळसर, थंडगार, ओल्या सिमेंटसारखा. हातात धरून कोणी त्याला दगड म्हणणार नाही. आतल्या सगळ्या भिंती त्याच रंगानं पुन्हा रंगवल्या. बाहेरचा तट मात्र जुन्याच राखाडीत ठेवला, कारण तो कायम दिवसाच्या उजेडात दिसतो. म्हणजे या किल्ल्यात दगडाचे दोन रंग आहेत, आणि दिवे लागल्यावर दरवाज्यातून डोकावलं तर ते एकच वाटतात. कोणाला सांगितलं नाही तर कळतसुद्धा नाही. (मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.)

मधे एक फजिती. खालचा खडक दाट फोमचा आहे. त्यावर वॉटर-बेस्ड रंग छान बसला, पण वर मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि रंगाला जिथं जिथं भोकं राहिली होती तिथून फोम डोळ्यांदेखत विरघळला. स्प्रेमधलं सॉल्व्हंट या फोमला खातं हे मला माहीत होतं. माहीत असूनही मारला. खड्डे पुट्टीनं अर्धेमुर्धे बुजवले. उरलेले वाऱ्यापावसानं झिजलेले म्हणून खपतात.

वायरिंगला मी १२ व्होल्टवरच राहिले, बाहुलीघरांचं बरंचसं विकतचं सामान त्यावर चालतं. सपाट मजल्यांवर तांब्याची चिकट पट्टी, दोन समांतर ओळी, एक प्लस एक मायनस. कोपऱ्यावर पट्टी कापायची नाही, दुमडून वळवायची. आणि जिथं एका पट्टीवर दुसरी चढते तिथं खालच्या गोंदातून वीज जाईल यावर विश्वास ठेवायचा नाही, डाग (सोल्डर) द्यायचाच. मी तीन ठिकाणी आळस केला. तिन्ही ठिकाणचे दिवे पहिल्या दिवशी लागले आणि चौथ्या दिवशी लुकलुकायला लागले.

गोल बुरुजात पट्टी बसेना, तिथं ०.२ मिमीची वाइंडिंग वायर ओढली. केसासारखी बारीक, दगडांमागे लपते. तिच्यावर इनॅमलचा (वीज अडवणाऱ्या लाखेचा) थर असतो, तो टोकाशी खरवडल्याशिवाय डाग धरत नाही. एवढं सांभाळलं आणि तरी एका रात्री बुरूज आणि जिना दोन्ही अंधारात गेले. शॉर्ट होता. अडॅप्टर शहाणा, त्यानं स्वतःहूनच मान टाकली.

शोधायला दीड दिवस गेला. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून (म्हणजे तारा कुठंही एकमेकींना भिडल्या असतील तर तो पिरपिरतो) एकेक जोडी सोडवत गेले. जिन्यातली दुसरी मशाल सुटली तेव्हा कुठं त्याची पिरपिर थांबली. मशालीची दांडी पितळेच्या नळीची. नळी कापल्यावर आतली धार घासून काढायला मी विसरले होते आणि त्या धारेनं दोन्ही तारांचं इनॅमल सोललं होतं. तोवर वरून दगड चिकटवून, रंगवून, वॉश देऊन झाला होता. अकरा दगड उचकटले. आता प्रत्येक पितळी नळीची धार गोल कानशीनं मारते आणि तारेवर हीट श्रिंकचा (तापवल्यावर आवळून बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीचा) बारीक तुकडा चढवूनच तिला आत घालते.

त्यानंतर सगळं सोडून मांडणीच बदलली. प्रत्येक मजल्याची स्वतंत्र जोडी खाली तळघरात येते, तिथं कैद्याच्या कोठडीमागची भिंत चुंबकावर निघते आणि मागं कनेक्टरची पट्टी आहे, प्रत्येक जोडीला क्रमांकाची चिठ्ठी. अडॅप्टरच्या वाटेवर ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज. २३ दिवे मिळून त्याच्या अर्ध्यापर्यंतसुद्धा पोचत नाहीत, पण शॉर्ट झालाच तर केसाएवढी तार तापण्याआधी फ्यूज जावा.

विंडसर कासलमध्ये ठेवलेलं क्वीन मेरीचं बाहुलीघर १९२४ साली पुरं झालं, तेही १:१२ च, आणि त्यात त्या काळातसुद्धा विजेचे दिवे होते. तेव्हा एलईडी नव्हते, इवले फिलामेंटचे बल्ब. ते जळणार, बदलावे लागणार, हे धरूनच काम करावं लागत असणार. एलईडी सहसा जळत नाहीत म्हणून आपण बेफिकीर होतो आणि सांधे भिंतीत गाडून टाकतो. सहसा जळत नाहीत हे बरोबर, सांधे मात्र सुटतात.

उजेड किती हवा, हा दुसरा घोळ. पुस्तकी हिशोब असा: १२ व्होल्टमधून पांढऱ्या एलईडीचे ३ गेले, उरले ९, १ किलोओहमचा रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा तुकडा) लावला की ९ मिलिअँपिअर. दिव्याला काही होत नाही, पण मशालीची ट्यूबलाइट होते आणि भिंतीवर पांढरा भोवरा पडतो. शेवटी ४.७ किलोओहमवर आले, म्हणजे जेमतेम २ मिलिअँपिअर. तेवढ्या करंटमध्ये मेणबत्ती मेणबत्तीसारखी दिसते. झुंबरात तीन-तीन एलईडी एका माळेत आहेत, त्यांना मिळून ३ च व्होल्ट उरतात, म्हणून तिथं दीड किलोओहम पुरला.

शेकोटीची युक्ती मला फार आवडली. लुकलुकणाऱ्या पिवळ्या एलईडीच्या पोटात स्वतःची चिप असते. त्याच्यासोबत साधा लाल एलईडी एकाच माळेत जोडला की दोघांतून एकच करंट जातो, म्हणून लालही त्याच्याबरोबर थरथरतो. चिप एक, निखारे दोन. इथं ६८० ओहम लावला, आगीनं जरा भडक असायला हरकत नाही. पण हीच जोडणी चुकून झुंबराच्या माळेत केलीत तर दरबारात भूकंप आल्यासारखं वाटेल.

दिवे लागले आणि भिंतींच्या कोपऱ्यांतून, मजल्यांच्या सांध्यांतून उजेडाच्या रेघा बाहेर आल्या. जिथं पोचता आलं तिथं आतून काळा रंग भरला, शेकोटीच्या मागं अॅल्युमिनियम फॉइल चिकटवला (तांब्याच्या पट्टीला टेकू न देता, नाहीतर शॉर्ट). बुरुजाच्या छताशी एक रेघ अजून दिसते.

सगळ्यात शेवटी रंगवले ते दिवेच. उबदार म्हणून घेतलेला एलईडीसुद्धा ज्योतीपुढं पांढरट असतो, कारण मेणबत्तीचा उजेड १९०० केल्विनच्या आसपास. काचेवर वापरतात तो पारदर्शक नारिंगी रंग एका बारीक ब्रशनं प्रत्येक एलईडीच्या डोक्यावर, एकच हात. ग्रंथालयातल्या एकाला चुकून दोन हात बसले आणि तो मजेशीर लालसर झालाय. तसाच ठेवते.

आतल्या भिंती आता पुन्हा थोड्या पिवळ्या दिसतात, अर्थातच. दिवे नारिंगी केले ते भिंतींनंतर. तिसऱ्यांदा रंगवणार नाही. फक्त दरबारात, मशालींच्या मागच्या दगडांवर निळसर ड्रायब्रशचा एक हात मारून बघणार आहे. आणि उचलता पूल राहिलाय. त्याची साखळी पितळेची आहे आणि ती दरवाज्यावरच्या कंदिलाच्या तारेला चाटून जाते, तेव्हा आधी तिची वाट बदलायला हवी.