दुसऱ्या गिअरची कर्रर्र

गाडी मारुती ८००, चार गिअरची, २००५ सालची. माझं सासर चिपळूण आणि माहेर पाटण, त्यामुळे कुंभार्ली घाट काही चुकत नाही. घाटातल्या अवघड वळणांवर तिसऱ्यातून दुसऱ्यात यावंच लागतं, आणि नेमकं तिथेच गाडी कर्रर्र करायला लागली. पुढे पुढे रिव्हर्स टाकतानाही तेच.

जवळच्या गॅरेजात दाखवली. बॉनेट उघडायच्या आत निकाल लागला: "ताई, क्लच सेट गेलाय. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळंच टाकून देऊ." त्यासाठी या गाडीचा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात, आणि मजुरीही त्याच मापाची. मला ते पटेना. प्लेट झिजली की घाटात इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी चढत नाही. माझी तर छान चढत होती. "गेला असेल तर बदलू, पण आधी कळू तर द्या," म्हणून गाडी परत आणली आणि ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: कुठल्या गिअरला आवाज, आणि कधी? बंद गाडीत चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले, सगळे लोण्यासारखे पडले. म्हणजे लिव्हर आणि खालची जोडणी ठीक. मग गाडी चालू करून, क्लच पूर्ण दाबून, थोडं थांबून रिव्हर्स टाकायला सांगितला. आठशेच्या रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणारी रिंग, नसते, त्यामुळे गिअरबॉक्समधला शाफ्ट फिरायचा थांबला नसेल तर आवाज होणारच. पण क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबल्यावर तो थांबायलाच हवा. माझ्या गाडीत कितीही वेळ थांबलं तरी कर्रर्र होतच होतं. मग पहिला गिअर टाकून, क्लच दाबून ठेवून रेस दिली, तर गाडी पुढे सरकायला बघत होती. "क्लच सोडत नाहीये," मिस्त्री म्हणाले. म्हणजे पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून पूर्ण सुटे होत नव्हते. क्लच गेला, असा त्याचा अर्थ होत नाही.

या गाडीचा क्लच वायरवर चालतो. मिस्त्रींनी गिअरबॉक्सकडचं टोक दाखवलं: वायरीचे काही धागे तुटून केसासारखे बाहेर आलेले, आणि ताणून घ्यायच्या नटाला आटेच उरले नव्हते. नवी वायर घातली, पेडलचा ढिलेपणा बेताचा ठेवला. रिव्हर्स थोडं थांबलं की गुपचूप पडायला लागला. एका वायरीच्या पैशात अर्धं दुखणं गेलं.

दुसरा गिअर मात्र तसाच. सकाळी गाडी थंड असताना तर जास्तच. इथे त्यांनी एक जुनी ट्रकवाल्यांची रीत करून पाहायला लावली, डबल क्लच. तिसऱ्यातून न्यूट्रलला आणायचं, क्लच सोडून किंचित रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून दुसरा टाकायचा. आवाज गायब! एरवी गिअर आणि शाफ्ट यांचा वेग जुळवायचं जे काम पितळी सिंक्रो रिंग करते, ते इथे माझ्या पायाने केलं. पायाने जमतंय आणि रिंगला जमत नाही, तर दोष रिंगकडेच.

तरी बॉक्स उघडायच्या आधी त्यातलं गिअर ऑइल काढून पाहिलं. मागच्या गॅरेजच्या बिलावर जीएल-५ ही ऑइलची प्रत लिहिलेली होती, आणि या गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ आहे. जीएल-५ मध्ये जास्त भार पेलण्यासाठीची गंधकयुक्त रसायनं अधिक असतात. चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला ती चांगली, पण त्यांतली काही पितळेला मानवत नाहीत, आणि रिंगला लागणारी घासण्याची पकडही कमी होते. ट्रेमधल्या ऑइलात सोनेरी चमचम दिसत होती. मिस्त्रींनी लोहचुंबक फिरवलं, चमचम जागची हलली नाही. ते पितळच होतं. योग्य ऑइल भरल्यावर थोडा फरक पडला, पण घाटात पुन्हा कर्रर्र. मग मात्र बॉक्स खाली घ्यायला मी हो म्हटलं.

उघडल्यावर त्यांनी दोन रिंगा माझ्या हातात दिल्या. नवी रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर दाबून फिरवली तर घट्ट धरते, हाताला झटका बसतो. जुनी नुसती गोल गोल फिरते. नवीच्या आतल्या बाजूला बारीक रेघा असतात, त्या ऑइलचा थर कापून पकड मिळवतात. जुनीच्या रेघा पार गुळगुळीत झालेल्या. क्लच सोडत नसल्यामुळे प्रत्येक वेळी तिला फिरत्या शाफ्टशी झुंजावं लागत होतं, म्हणजे वायरीचं दुखणंच इथवर पोचलं होतं. गिअरचे दात बरे होते, त्यामुळे गिअर बदलावा लागला नाही. बॉक्स उघडलाच आहे तर तिसऱ्याचीही रिंग टाकून घेतली. क्लच प्लेट मात्र मोजून पाहिली आणि तीच परत बसवली.

आता घाटात दुसरा मुकाट पडतो. रिव्हर्सला घाई केली की अजून "कट्" होतं. तिथे सिंक्रोच नाही, तेव्हा त्यावर एक रुपयाही घालायचा नाही असं ठरवलंय.