स्टुलाची चिठ्ठी

अमेरिकेच्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत, फॅमिली डॉक्टर म्हणून माझा निम्मा जीव चिठ्ठ्या लिहिण्यातच जातो. शाळेला, विम्याला, रजेला. त्या दिवशी मात्र एका चिठ्ठीवर मी अडले.

बाई कपड्यांच्या दुकानात काउंटरवर. दुसरी खेप, चौथा महिना. मोजे उतरवले तर डाव्या गुडघ्यामागे निळ्या शिरा टरारून फुगलेल्या, घोट्याच्या वर रबराचा खोल वळ. पोटरी दाबून पाहिली, दुखत नव्हती. दोन्ही पाय सारख्याच मापाचे, रक्तदाबही ठीक. पण दुपारनंतर डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली.

"मग बसत का नाहीस?"

"दुकानात बसायला काही नाहीच. मालकाला ते आवडत नाही."

चिठ्ठी देते म्हटलं, तर तिची अट अशी, की गरोदर असल्याचं त्यात यायला नको. मालकाला अजून सांगितलं नव्हतं; कळलं की कामाचे तास कापेल, ही धास्ती. गरोदर कामगारांसाठीचा कायदा अमेरिकेत २०२३ पासून लागू आहे खरा, पण किमान १५ माणसं कामाला असतील तिथेच. हिच्या दुकानात मालक धरून पाच.

आमच्या नर्सबाई इथल्याच, जुन्या मॉर्मन घराण्यातल्या; मॉर्मन हा इथला मोठा ख्रिस्ती पंथ. बाई कपडे नीट करायला आत गेल्यावर रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत म्हणाल्या, "मॅटी कॅनननं स्टुलांचं हे कामच केलं होतं की, १८९७ च्या सुमाराला."

"नवऱ्याला हरवणारी ती?"

मॅटी म्हणजे मार्था ह्यूज कॅनन. तिची ओळख इथे अशीच करून देतात. १८९६ च्या निवडणुकीत ती डेमोक्रॅट, नवरा अँगस रिपब्लिकन. ती निवडून आली, तो पडला, आणि ती अमेरिकेतली पहिली स्त्री स्टेट सिनेटर, म्हणजे राज्याच्या विधिमंडळातल्या सिनेटची सदस्य, झाली. खरं तर तेव्हा सॉल्ट लेकमधून पाच जागांसाठी एकत्र मतदान होतं, समोरासमोरची कुस्ती नव्हतीच. पण गंमत खपते. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनात, २०२४ च्या डिसेंबरात तिचा पुतळा बसला, तेव्हाही लोकांनी मला हाच किस्सा ऐकवला.

त्या संध्याकाळी मी तिच्याबद्दल वाचत बसले. वेल्समध्ये १८५७ चा जन्म. युटाला येताना वाटेत धाकटी बहीण गेली, पोचल्यावर तीनच दिवसांत वडील. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून तिनं पैसे साठवले, मिशिगनमध्ये लोकांची भांडी घासत शिकली आणि १८८० मध्ये डॉक्टर झाली. मग अँगसची चौथी बायको; मॉर्मन लोकांत तेव्हा एकाहून जास्त बायका करायची चाल होती. बहुपत्नीत्वाविरुद्ध केंद्राचा कायदा १८८२ चा. अशा घरांतली बाळंतपणं हिनंच केलेली. कोर्टात उभं केलं असतं तर तिच्या पेशंटची पोरंच पुरावा ठरली असती, आणि तिची स्वतःचीही. म्हणून तान्ह्या मुलीला घेऊन ती इंग्लंडला निघून गेली. पेशंटचं गुपित राखायला देश सोडणारी डॉक्टर मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

सिनेटमध्ये तिनं मूक-बधिर आणि अंध मुलांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आणला. राज्याचं आरोग्य मंडळ तिच्याच विधेयकातून उभं राहिलं. मी अडकले ते स्टुलांपाशी. दुकानात काम करणाऱ्या बायका-मुलींसाठी मालकानं बसायची सोय करावी, हातात काम नसेल तेव्हा त्यांना बसू द्यावं, एवढंच. कोण गरोदर, कुणाची पाळी, कुणाच्या शिरा फुगल्यात, हे कुणी विचारायचं कारणच उरत नाही. पोटातलं पोर उघड झालं की काय होतं, हे तिला नेमकं माहीत होतं. पुढे १८९९ मध्ये तिसऱ्या खेपेला तेच झालं. मॉर्मन चर्चनं बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर करून आठ-नऊ वर्षं झाली होती, आणि इथे सिनेटरच पोटुशी. बोभाटा झाला, राजकारण संपलं.

माझ्या चिठ्ठीत मी लिहिलं: पायांच्या शिरांचा विकार आहे, सलग उभं राहू नये, टेकायला स्टूल द्यावं. खोटं एक अक्षर नाही, आणि महिन्यांचा उल्लेखही नाही. बाईनं ती दोनदा वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली.

पुढच्या तपासणीला आली तेव्हा पायांत घट्ट दाबाचे मोजे होते. स्टूल मिळालं होतं, गिऱ्हाईक आलं की उठायचं या बोलीवर. मालकानं त्यावर तिच्या नावाची पट्टी चिकटवली होती, म्हणजे बाकीच्यांनी बसू नये. काउंटरवरच्या दुसऱ्या दोघींनी विचारलं होतं, तुझी डॉक्टर आम्हालाही चिठ्ठी देईल का? त्यातल्या एकीला काहीच आजार नव्हता. नुसते पाय दुखायचे.