सिन्नरच्या विहिरीत लागलेला तांबडा थर

विहिरींसाठी पाण्याचा सर्व्हे करणं हे माझं काम, त्यामुळे नाशिक जिल्ह्यात कायम फिरती असते. सिन्नर तालुक्यातल्या एका विहिरीची जागा मीच दाखवलेली, म्हणून काय काय लागतंय त्याचे फोटो विहिरीचे मालक, दादा, मला पाठवत होते. काळी माती, मुरूम, मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा नरम दगड, मग काळा पाषाण, तोही इतका घट्ट की कॉम्प्रेसरवाले वैतागलेले. आणि एका सकाळी फोन आला, मॅडम, काल सुरुंगाचा बार उडवला आणि तळ सगळा लाल झालाय, गँगवाले म्हणतात अजून एक बार टाकला की पाणी लागतंय.

म्हटलं, बार टाकू नका, मी निघालेच.

हा लाल थर म्हणजे गेरू, आणि त्याची मला खरंच काळजी वाटते. वरचा पाषाण कितीही पक्का असू दे, खाली गेरू ओला झाला की मऊ पडतो, फुगतो, निसटायला लागतो आणि वरचा दगड अधांतरी राहतो, त्यात पुन्हा सुरुंग म्हणजे खाली उतरणाऱ्या माणसांच्या जिवाशी खेळ. गँगकडून आधी सुटे दगड पहारीने पाडून घेतले, मग हेल्मेट आणि बेल्ट लावून यारीच्या, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनच्या, बकेटमधून खाली उतरले.

साधारण ४५ फुटांवर पाषाण संपत होता आणि त्याखाली हातभर जाडीचा तांबडा पट्टा विहिरीच्या चारी बाजूंनी फिरलेला. पट्ट्याची वरची कड भट्टीतल्या विटेसारखी भाजलेली, खाली मात्र नखाने खरवडेल इतका मऊ. आणि त्याला टेकलेल्या पाषाणाच्या तळात बोटाएवढ्या जाड नळ्या वर चढत गेलेल्या, आत झिओलाइट हे पांढरं खनिज भरलेलं, आणि सगळ्या एकाच बाजूला किंचित वाकलेल्या! लाव्हा ओल्या जमिनीवर पसरला, खालून वाफ उठली, आणि लाव्हा अजून सरकत होता म्हणून त्या नळ्या कलल्या, म्हणजे तो कुठल्या दिशेने वाहत होता तेही दगडात तसंच राहिलंय. आपल्याकडचा हा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, पण तो एका दमात आलेला नाही, एक थर आला, थंड झाला, ऊन पाऊस खाऊन त्याची माती झाली आणि मग पुढचा थर तिच्यावर आला. त्या मातीवर बोट ठेवून मी उभी होते, वरून दादा हाका मारत होते तरी निघवेना.

गँगमधला एक पोरगा आधी चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीवर होता, त्याने विचारलं, मॅडम अजून खाली गेलं तर इथं पण कोळसा लागेल का? प्रश्न चांगला होता. तिकडचा कोळसा गोंडवना नावाच्या जुन्या वालुकाश्मांच्या थरांत आहे, या लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा, आणि इथं त्या काळातलं खाली काही असलंच तरी वर लाव्ह्याचं ओझं प्रचंड आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं तिथं बेसाल्ट, म्हणजे हाच लाव्ह्याचा पाषाण, ३३८ मीटरवर संपला, आणि सह्याद्रीकडे तर तो आणखी जाड होत जातो. विहिरीचं ते काम नाही.

खरा वाद वर आल्यावर झाला. मी सांगितलं, आधी थराला काँक्रीटची रिंग घ्या, मग सुरुंग न लावता ब्रेकरने आणि पहारीने हळूहळू खाली जा. दादांचे वडील नाना खाटेवर बसलेले, म्हणाले, ताई, पैसा सगळा पाषाणात गेला, आता मातीला सिमेंट कशापायी? त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं, कर्ज काढून चाललेलं काम. मी गेरूचा एक सुका खडा त्यांच्यासमोर तांब्यातल्या पाण्यात टाकला. बघता बघता त्याच्या खपल्या सुटल्या आणि चहा होईपर्यंत तळाला नुसता चिखल. नाना बराच वेळ तांब्यात बघत राहिले, मग दादांना म्हणाले, सिमेंट आण.

रिंग झाली, मग गेरू पार करून खालच्या लाव्ह्याचा माथा लागला, जाळीदार, भोकंभोकं असलेला, आणि मला पाण्याची आशा होती ती याच थरात. वर गेरूचं झाकण असल्यामुळे पाणी आत दाबून राहिलेलं, पहार लागली तसं उफाळून आलं आणि गँगला पटापट वर यावं लागलं.

आता शेजारचे दोघं विचारतायत, आमच्याकडे तो थर किती खोल येईल. आपल्याकडे हे थर जवळपास आडवेच पसरलेत, त्यामुळे जमिनीच्या उंचीतला फरक मोजला की बऱ्यापैकी अंदाज येतो. एकाचं शेत ओढ्याकडे उतरतं आणि ओढ्याच्या काठात तो तांबडा पट्टा उघडाच दिसतोय, तिथून लेव्हल घेऊन त्याला आकडा देणार आहे, आणि रिंगचा खर्च या वेळी पहिल्याच दिवशी हिशोबात धरायला सांगितलाय.