तुम्ही विचारलंत म्हणून : एवढा जुना फोर्क अजून का वापरता?

फोंडा असो, डिचोली असो की चोर्ला घाट, सायकल उभी केली की पुढच्या फोर्ककडे (पुढचं चाक धरणारे दोन पाय) बघून कोणी ना कोणी विचारतंच, ‘हा जुना शॉकअप काढून नवीन का नाही टाकत?’ परवा तुम्हीही विचारलंत. रस्त्यात उभ्याउभ्या देण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून लिहितो.

पहिली अडचण मापाची. माझी फ्रेम २६ इंची चाकाची. तिच्या पुढच्या नळीत वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा, २८.६ मिलिमीटरचा स्टिअरर, म्हणजे फोर्कचा वरचा दांडा, जातो. आताचे बहुतेक चांगले फोर्क साडेसत्तावीस किंवा २९ इंची चाकांचे, आणि त्यांचा स्टिअरर खाली दीड इंचापर्यंत रुंदावलेला. खटपट करून उंच फोर्क बसवलाच, तर दर २० मिलिमीटर उंचीमागे पुढच्या नळीचा कोन साधारण एका अंशाने कलतो. चढावर चाक भरकटायला लागतं. ज्या सायकलचं वळणं मला आवडतं, ती सायकलच मग राहत नाही.

पण मापं जुळली असती तरी मी आधी जुनाच उघडला असता. गोव्यात फोर्कचा घात करतात ते पाणी आणि तांबडी माती. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हवेत बारमाही दमटपणा, किनाऱ्याकडे खार, आणि सत्तरी-डिचोलीकडे ती बारीक धूळ. सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरच्या पाण्याने सायकल धुतली की हे सगळं फोर्कच्या पायांवरच्या रबरी सीलच्या आत ढकललं जातं. कृपा करून तसं धुऊ नका.

पाऊस ओसरला की फोर्क खोलायचा. चाक आणि ब्रेक काढायचे. हवेवर चालणारा फोर्क असेल तर आधी सगळी हवा सोडायची, यात हयगय नको. तळाचे बोल्ट काही आटे सैल करून त्यांच्या डोक्यावर रबरी हातोडीने ठोका द्यायचा. आतला दांडा सुटला की हाताला कळतं. मग बोल्ट काढून खालचे पाय ओढायचे, खाली घमेलं ठेवून. सीलच्या खाली स्पंजची एक अरुंद चकती असते. तेलात भिजलेली राहून पायांत वरखाली सरकणाऱ्या नळीला ओलं ठेवणं एवढंच तिचं काम. पावसाळ्यानंतर ती दोन बोटांत पिळून बघा, तेलाऐवजी तांबडा चिखल येतो. ग्रीसमध्ये मिसळलेली ही माती व्हॉल्व घासायच्या पेस्टसारखी बुश (नळी ज्यांत सरकते ती कडी) आणि नळी खात राहते, आणि वरून काहीच दिसत नाही.

आतल्या भागांत सगळ्यात आधी जातात ते युरेथेनचे ठोकळे. नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ फोर्कमध्ये स्टीलच्या स्प्रिंगऐवजी किंवा तिच्या जोडीला ते असत. दमट हवेत युरेथेन हळूहळू विघटित होतं. ठोकळे चिकट होतात, बोट लावलं की तुकडे पडतात. त्यांच्या जागी योग्य मापाची स्टीलची स्प्रिंग घालता येते, पण ठोकळे थोडा झटका स्वतःच जिरवत असत. डँपर, म्हणजे उसळी आवरणारा भाग, मेलेला असताना नुसती स्प्रिंग टाकली तर फोर्क दाबला तसा उसळून वर येतो. शिवाय वरचं प्रीलोडचं बटण फिरवून स्प्रिंग कडक होत नाही. ती फक्त आधीच थोडी दाबली जाते. ८० मिलिमीटर चालीच्या, म्हणजे तेवढा दबू शकणाऱ्या, फोर्कवर तुम्ही नुसते बसलात की तो १२ ते १६ मिलिमीटर बसायला हवा. त्याहून फार वेगळा बसत असेल तर स्प्रिंगच बदला.

डँपर बंद कार्ट्रिजचा, म्हणजे सीलबंद नळकांड्यातला, असेल तर सुटे भाग शोधताना दमछाक होते. म्हणून १९९७ च्या मार्झोकी बॉम्बर झेड-वन फोर्कसारखी जुनी रचना मला मनापासून आवडते. पायात तेल भरलेलं, तेच झटके जिरवतं आणि तेच बुशांना वंगण देतं. तेल बदललं की निम्मं काम झालं.

आता तुमच्या फोर्कचं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, दुसऱ्या हाताचं बोट सीलपाशी ठेवा. तिथे खटखट जाणवली तर बुश झिजलेत. जुन्या फोर्कचे बुश मिळवणं आणि बसवणं, दोन्ही कठीण. तिथे पैसे घालू नका असंच मी सांगेन. सील जिथे सरकतं त्या भागात नळीचा क्रोम गंजून खड्डे पडले असतील तरीही तेच, कारण नवं सील त्या कडांवर लवकरच फाटतं. एखादाच बारीक ओरखडा असेल तर नेलपॉलिश भरून, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने सपाट करून चालतं. दोन्ही नळ्या जोडणाऱ्या वरच्या क्राउनला तडा दिसला तर मात्र त्या दिवसापासून ती सायकल चालवायची नाही.

यातलं काही नसेल तर नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून मला कळवा, २८, ३० की ३२ मिलिमीटर. सील त्यावरच मिळतं. माझंही मागवायचंय, एकदमच मागवू.