पेडलबोर्डचा विलग पॉवर सप्लाय: चार आउटपुट पूर्ण

गिटारचा आवाज बदलणारी पेडल्स ज्यावर मांडतात त्या पेडलबोर्डसाठी बांधत असलेल्या ९ व्होल्ट पॉवर सप्लायच्या सहापैकी चार आउटपुटची जोडणी पूर्ण झाली असून ती आता रोजच्या वापरात आहेत. उरलेली दोन हाती घेण्यापूर्वी आतापर्यंतची रचना आणि तिच्यामागची कारणे नोंदवून ठेवत आहे.

एकाच अ‍ॅडॅप्टरवरून डेझी चेनने, म्हणजे एकाच तारेला ओळीने जोडून, सगळी पेडल्स चालवली की शेजारच्या दोन पेडल्सचे ग्राउंड दोन वाटांनी जोडले जाते, एकदा सिग्नल केबलच्या शिल्डमधून आणि एकदा पुरवठ्याच्या तारेतून. डिजिटल डिले आपल्या क्लॉकच्या तालावर जो करंट ओढतो, त्याने या सामाईक तारेवर पडणारा सूक्ष्म व्होल्टेज सिग्नलमध्ये मिसळतो आणि पुढचे डिस्टॉर्शन त्याला शेकडो पटींनी मोठे करते. म्हणून प्रत्येक आउटपुटचे ग्राउंड वेगळे राहावे यासाठी मी सहा स्वतंत्र १२ व्होल्ट सेकंडरी (बाहेर वीज देणारी वेटोळी) असलेला टोरॉइडल, म्हणजे कडीच्या आकाराचा, ट्रान्सफॉर्मर मागणीप्रमाणे गुंडाळून घेतला. जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरचे पॉझिटिव्ह ग्राउंड फझ पेडलही यामुळे धन-ऋण उलटे जोडलेल्या एका केबलवर निर्धास्त चालते.

चारही आउटपुटची मांडणी सारखीच आहे: ब्रिज (एसीचे डीसी करणारे चार डायोड), १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एलएम३१७ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर. २४० ओहम आणि १.५ किलोओहम या रोधांच्या जोडीने सुमारे ९.१ व्होल्ट मिळतात. अ‍ॅडजस्ट पिनवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास डेटाशीटनुसार रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) दाबण्याची क्षमता ६५ वरून ८० डेसिबलपर्यंत जाते. अवघ्या काही रुपयांत एवढा लाभ देणारा दुसरा भाग या सर्किटमध्ये नाही. मात्र त्याच्यासोबत संरक्षक डायोड अवश्य लावावा.

माझ्या मते खरी शांतता रेग्युलेटरच्या निवडीपेक्षा ग्राउंडच्या आखणीवर ठरते. ब्रिजमधून कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरला जातो आणि प्रत्येक वेळी सरासरीच्या कित्येक पट करंटचा लहानसा आवेग वाहतो. ब्रिजचे ऋण टोक आणि कपॅसिटरचे ऋण टोक यांच्यामधल्या पट्टीवर हे आवेग व्होल्टेज निर्माण करतात. १.५ किलोओहमच्या रोधाचे खालचे टोक त्या पट्टीला जोडले, तर तोच व्होल्टेज रेग्युलेटरच्या संदर्भ व्होल्टेजमध्ये मिसळून आउटपुटवर उतरतो आणि रेग्युलेटर त्याला दाबू शकत नाही. त्यामुळे हा रोध, अ‍ॅडजस्टचा कपॅसिटर आणि आउटपुट जॅकचे ऋण टोक ही तिन्ही मी कपॅसिटरच्या पलीकडे, जॅकजवळच्या एकाच बिंदूवर आणली आहेत. ०.८ मायक्रोव्होल्ट आरएमएस इतका कमी नॉइज असलेला एलटी३०४५ हा रेग्युलेटर मोहात पाडतो खरा, पण आखणी चुकीची असेल तर तोही इथे हतबल ठरेल.

चाचणीसाठी ९ व्होल्टची बॅटरी हा माझा मापदंड आहे: हाय-गेन डिस्टॉर्शनचा इनपुट शॉर्ट करून आधी बॅटरीवर आणि मग सप्लायवर ऐकायचे. उरलेला आवाज कुठून येतो हे गिटारच सांगते. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटचा स्वर ९८ हर्ट्झचा असतो. खरखर त्याच्या जवळपास असेल तर तो रिपल, आणि गुणगुण त्याच्या एक सप्तक खाली, ५० हर्ट्झच्या आसपास असेल तर ग्राउंड लूप (वर सांगितलेली ग्राउंडची दुहेरी वाट) किंवा ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र. चारही आउटपुट आणि बॅटरी यांत मला फरक ऐकू येत नाही. वाह पेडलमधला इंडक्टर मात्र ट्रान्सफॉर्मरजवळ आणताच गुणगुणतो, म्हणून सप्लाय बोर्डच्या दुसऱ्या टोकाला बसवला आहे.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. प्रायमरीवर (मेन्सच्या बाजूच्या वेटोळ्यावर) स्लो-ब्लो फ्यूज आणि धातूच्या पेटीला पक्के अर्थिंग हवेच. टोरॉइडच्या मधल्या बोल्टची दोन्ही टोके पेटीला टेकू देऊ नयेत, कारण पेटी आणि बोल्ट मिळून एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो आणि त्यातून प्रचंड करंट वाहू लागतो.

उरलेली दोन आउटपुट डिजिटल पेडल्ससाठी, प्रत्येकी ३०० मिलिअ‍ॅम्पची असतील. या करंटवर १००० मायक्रोफॅरड पुरणार नाहीत: रिपल जवळपास ३ व्होल्टवर जाईल आणि मेन्स १० टक्क्यांनी उतरल्यास कपॅसिटरवरचा व्होल्टेज मधूनमधून ११ व्होल्टच्या खाली घसरेल, तर एलएम३१७ ला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट अधिक लागतात. त्यामुळे तिथे ३३०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचे कपॅसिटर घेतले आहेत, आणि रेग्युलेटरवर सुमारे २ वॅट उष्णता निघणार असल्याने ते अभ्रकाच्या चकतीसह पेटीच्या ॲल्युमिनियम भिंतीला कसणार आहे.